एकत्र कर, पण पुसू नकोस

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, अण्णांच्या कॉम्प्युटरवरचे, आईच्या लॅपटॉपवरचे आणि तुझ्या डिस्कवरचे सगळे फोटो एकत्र करून टाकते. रविवारची एक दुपार पुरेल." दुपार पुरेल, बाळ. पण त्या दुपारी घाई झाली तर काय हातचं जातं, ते मी पाहिलंय. म्हणून बसून सविस्तर लिहितोय. जपून ठेव. पुढे तुझ्याकडे कुणी विचारायला आलं, तर त्यालाही सांग.

अण्णा तळेगाव स्टेशनवरून सकाळची लोकल पकडायचे, मळवलीला उतरायचे आणि भाज्याच्या वाटेने लोहगड नाहीतर विसापूर चढायचे. गो. नी. दांडेकर आपल्याच गावात राहिले, त्यामुळे गड पाहण्याचं वेड इथल्या घराघरांत होतं. अण्णांनी आधी रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढले, पुढे डिजिटलवर. २०२५च्या जुलैत लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. त्याआधीचा गड, त्याच्या न दुरुस्त झालेल्या पायऱ्या, तेव्हाची गर्दी नसलेली विंचूकाटा माची, हे सगळं आपल्या घरात तीन यंत्रांवर विखरून पडलंय. तिन्हीकडे 'किल्ले' नावाचं फोल्डर आहे, तिन्हींत 'लोहगड' आहे आणि आतले फोटो मात्र थोडे सारखे, थोडे निराळे. या तीन झाडांचं एक झाड करायचं आणि एकही पान गळू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

कमांड मी कानावर पडतात तशा देवनागरीत सांगतोय. यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या, हे तुला ठाऊक आहेच.

नाव सारखं म्हणजे वस्तू सारखी नव्हे

हा पहिला मंत्र. बाकीचे विसरलीस तरी हा विसरू नकोस.

आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरतात. आजीच्या दोन पातेल्यांवर तेच नाव, तेच अक्षर. एक तिच्या माहेरून आलेलं, दुसरं वास्तुशांतीला मिळालेलं. नाव वाचून कुणी म्हणालं, "हे दोनदा आलंय, एक मोडीत घाला," तर आजीने घातलं असतं का? तिने हातात घेऊन वजन पाहिलं असतं, पोचा कुठे आहे ते पाहिलं असतं.

फोटोंचं तसंच आहे. कॅमेरा फोटोला नाव देतो ते नुसत्या आकड्याचं. आकडा ९९९९ पर्यंत गेला की पुन्हा ०००१. नवं कार्ड घातलं, कॅमेरा बदलला, मोजणी परत पहिल्यापासून. त्यामुळे अण्णांच्या फोल्डरातला ०४१२ क्रमांकाचा फोटो महादरवाजाचा असेल आणि आईच्या फोल्डरातला ०४१२ तुझ्या बारशाचा. यंत्राला दोन्ही एकच. त्याला नावापलीकडे काही दिसत नाही. म्हणून यंत्राला आधी सांगून ठेवायचं की नाव जुळलं तर तू थांब, पुढचं मी बघते.

मुळाला हात लावू नकोस

तिन्ही डिस्क जोडशील तेव्हा त्या फक्त वाचण्यापुरत्या उघड. माउंट करताना 'आरओ' हा पर्याय दिला की रीड-ओन्ली होते. मग तुझी चूक झाली तरी डिस्क ती करू देत नाही.

त्यानंतर एक मोठी रिकामी डिस्क घे. तिच्यावर 'आवक' नावाचं फोल्डर कर आणि त्याच्या आत तीन कप्पे: अण्णा, ताई (म्हणजे तुझी आई), मामा. ज्याची डिस्क त्याच्या कप्प्यात जशीच्या तशी उतरव. कचेरीत आवक बारनिशी असते ना, आलेला कागद आधी तिथे नोंदवायचा, मग टेबलावर घ्यायचा, तसंच. शेजारी 'घर' नावाचं रिकामं फोल्डर कर. इथून पुढची सगळी उलाढाल आवक आणि घर यांच्यातच करायची. मूळ डिस्क काढून कपाटात ठेव.

उतरवताना 'सीपी'ला 'डॅश ए' द्यायला विसरू नकोस. नुसतं 'डॅश आर' दिलंस तर प्रत्येक फाइलवर आजची तारीख पडेल आणि फोटो कधीचा हे सांगणारी एक खूण जाईल. आणि उगम लिहिताना शेवटी चांदणी देऊ नकोस, स्लॅश आणि टिंब दे. चांदणीला टिंबाने सुरू होणारी लपलेली नावं दिसत नाहीत, ती मागेच राहतात.

आधी मोज, मग हलव

प्रत्येक कप्प्यात फाइली किती, ते वहीत लिही. 'फाइंड'ला 'टाइप एफ' सांगायचं, निकाल 'डब्ल्यूसी डॅश एल'कडे पाठवायचा, आकडा मिळतो. हो, वहीतच लिही. पडद्यावरचा आकडा पडदा मिटला की जातो.

मग दोन कप्पे समोरासमोर धर. 'डिफ' कमांडला 'डॅश आरक्यू' दिलं की ती दोन्ही झाडं फांदीफांदीने चालत जाते आणि दोन प्रकारच्या ओळी देते: 'ओन्ली इन', म्हणजे ही फाइल एकाच बाजूला आहे, आणि 'डिफर', म्हणजे नाव सारखं पण आतलं वेगळं. या दुसऱ्या ओळी किती आल्या, त्यावर तुझं रविवारचं काम किती हे ठरतं. तीन कप्पे आहेत, म्हणजे जोड्याही तीन. तिन्ही पाहून घे.

कुठली कमांड काय करते

'एमव्ही' फोल्डर एकत्र करत नाही. घरात 'किल्ले' आधीच असेल आणि त्यात काही असेल, तर ती "फोल्डर रिकामं नाही" असं सांगून थांबते. लोक इथे वैतागतात आणि घरातलं फोल्डर पुसून पुन्हा चालवतात. असं कधीही करू नकोस. ती थांबली, ते तुझ्या भल्यासाठी.

'सीपी डॅश आर' एकत्र करते, पण नाव जुळलं की न विचारता जुन्यावर नवं घालते. मी नोकरीला नवा होतो तेव्हा एका कचेरीत दोन यंत्रांवरच्या याद्या एकत्र करायला मला सांगितलं. मी ही कमांड दिली. एका यंत्रावरची यादी आठवडाभर रोज दुरुस्त होत होती, दुसऱ्यावरची तशीच जुनी पडली होती. नाव दोन्हींचं एक. जुनी यादी नव्या यादीवर जाऊन बसली. कुठे चूक दिसली नाही, काही अडलं नाही, पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. सोमवारी एक बाई आल्या, त्यांनी आठ दिवस खपून केलेल्या दुरुस्त्या शोधायला लागल्या आणि मला समजलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून मी ही कमांड दोन भरलेल्या फोल्डरांवर चालवलेली नाही.

'सीपी'ला 'डॅश एन' दिलं तर ती असलेल्या फाइलीला हात लावत नाही, पुढे जाते. नव्या आवृत्त्यांत हेच काम 'अपडेट बरोबर नन' या पर्यायाने स्पष्ट सांगता येतं. 'बॅकअप बरोबर नंबर्ड' असाही पर्याय आहे. त्यात नवी फाइल नाव घेते, पण आधीची फाइल शेपटीला क्रमांक लावून शेजारीच राहते. जातं काहीच नाही, फक्त पसारा वाढतो.

आणि या कामाची खरी कमांड म्हणजे 'आरसिंक'. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात ती लिहिली आणि १९९६च्या जूनमध्ये लोकांसमोर ठेवली. आजही रोज वापरात आहे. तिला 'डॅश ए' आणि 'इग्नोअर-एक्झिस्टिंग' एवढं दे, आधी उगम सांग, मग ठिकाण. घरात नसलेलं सगळं ती आणते, असलेल्याला धक्का लावत नाही.

इथे एका तिरप्या रेघेकडे लक्ष दे. उगमाच्या नावापुढे स्लॅश दिलास तर पिशवीतली भाजी टोपलीत ओतली जाते. स्लॅश विसरलीस तर पिशवीच टोपलीत जाऊन बसते. म्हणजे घरात 'किल्ले' मिसळायच्या ऐवजी 'घर'मध्ये 'अण्णा' नावाचं वेगळं फोल्डर तयार होतं आणि तुला वाटतं एकत्र झालं. नुकसान होत नाही, पण एकत्रही होत नाही.

पडद्यावर माउसने ओढूनही हे करता येतं. फाइल व्यवस्थापक विचारतो, वगळू की बदलू की नाव पालटू. खाली "सगळ्यांना हेच लागू कर" असा चौकोन असतो. दोनशे वेळा विचारल्यावर माणूस कंटाळतो आणि तो चौकोन टिचकावतो. नेमक्या त्या क्षणी ०४१२ समोर असतो. म्हणून हे काम लेखी कमांडने कर. तुझा निर्णय आधीच, शांत डोक्याने घेतलेला असतो.

रंगीत तालीम केल्याशिवाय पडदा उघडू नकोस

'आरसिंक'ला 'डॅश एन' दिलं की ती सगळं करून दाखवते, पण काहीही हलवत नाही. जोडीला 'डॅश आय' दे. प्रत्येक फाइलीची एक ओळ येते; जिच्या पुढे अधिकच्या चिन्हांची रांग, ती घरात नव्याने येणार. 'डॅश व्हीव्ही' दिलंस तर जिथे फाइल आधीच आहे म्हणून वगळली, तीही नोंद दिसते. हा सगळा निकाल एका फाइलीत साठव आणि चहा घेत वाच. फक्त फाइलींच्या ओळी मोज, फोल्डरांच्या नको. वहीतल्या आकड्याशी ताडून बघ. जुळलं, की फक्त 'डॅश एन' काढ आणि तीच कमांड पुन्हा दे. नव्याने टाइप करू नकोस, वरच्या बाणाने परत आण. तालीम एका संहितेची आणि प्रयोग दुसऱ्या, असं व्हायला नको.

वीज जाणार हे धरून चाल

आपल्या मावळात जून ते सप्टेंबर पाऊस कसा लागतो ते तू जाणतेसच. वारा सुटला की दिवे जातात. हजारो फोटो उतरत असताना गेले, तर?

'सीपी' अर्ध्यात तुटली तर शेवटची फाइल अर्धीच राहते, पण नाव मात्र पूर्ण असतं. तू 'डॅश एन' देऊन पुन्हा सुरू केलंस की कमांड बघते, नाव आहे, पुढे जाते. तो अर्धा फोटो कायमचा अर्धा. वरून बघताना कळतही नाही. वर्षांनी उघडतेस तेव्हा खालचा निम्मा भाग करडा दिसतो.

'आरसिंक' इथे शहाणी आहे. ती फाइल आधी टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने उतरवते आणि पूर्ण झाली की मगच खरं नाव देते. वीज गेली तर फार तर तसला एखादा लपलेला तुकडा उरतो, तो नंतर शोधून काढता येतो. तीच कमांड पुन्हा दिलीस की राहिलेलं काम पुरं होतं.

पण यातही एक खड्डा आहे. पुष्कळ जण सवयीने 'आरसिंक'ला मोठा 'पी' देतात, कारण किती झालं याची टक्केवारी दिसते. त्या मोठ्या 'पी'मध्ये 'पार्शियल' हा पर्याय लपलेला आहे. मध्येच थांबवलंस तर अर्धी फाइल खऱ्या नावाने ठेवली जाते, आणि पुढच्या वेळी 'इग्नोअर-एक्झिस्टिंग' तिला असलेली समजून वगळतं. दोन चांगल्या सवयी एकत्र आल्या आणि फोटो गेला. म्हणून या कामात मोठा 'पी' नको. टक्केवारी हवी तर नुसतं 'प्रोग्रेस' दे.

मराठी नावं दोनदा तपास

हे तुला इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडणार नाही, म्हणून नीट ऐक.

मागे मी अण्णांची आणि तुझ्या आईची फोल्डरं एकत्र केली, तर लोहगडाखाली 'पायऱ्या' नावाची दोन फोल्डरं दिसली. एकाखाली एक, अक्षर न् अक्षर सारखं. एका जागी एकाच नावाची दोन फोल्डरं कशी राहतील? मी 'एलएस'चा निकाल 'ओडी डॅश सी'कडे पाठवला आणि बाइट मोजले. एक नाव २१ बाइटचं, दुसरं २४चं.

झालं होतं असं. आपला तो मिशीसारखा अर्धा र दोन वाटांनी टाइप होतो. एक वाट म्हणजे नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडणारा वर्ण आणि य. डोळ्याला दोन्ही एक, यंत्राला दोन. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तो न दिसणारा वर्णही तीनच घेतो. म्हणून २१ आणि २४. तिसरीही वाट आहे: जुन्या मॅकवरून आलेल्या नावात ऱ फुटून र आणि खालचा नुक्ता असा वेगळा लिहिलेला असतो. तेही २४च बाइट, पण निराळे. वऱ्हाड, दऱ्या, गिऱ्हाईक, सगळ्या अशा शब्दांना हे लागू आहे.

म्हणजे पहिल्या मंत्राची ही दुसरी बाजू झाली: नाव वेगळं म्हणजे वस्तू वेगळीच असं नव्हे. एकत्र करण्याआधी तिन्ही कप्प्यांतली अशी नावं शोध आणि एका पद्धतीने लिहून घे. 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं साधन फुटलेला नुक्ता जोडून देतं. न दिसणाऱ्या वर्णाची नावं मात्र ते बदलत नाही, ती तुलाच बदलावी लागतात.

रोमन नावांतही लहान-मोठ्या अक्षरांचा असाच घोळ आहे. लिनक्सच्या आपल्या नेहमीच्या डिस्कवर मोठ्या एलने लिहिलेलं 'लोहगड' आणि लहान एलने लिहिलेलं 'लोहगड' ही दोन फोल्डरं. विंडोजला चालणाऱ्या एक्सफॅट पेन ड्राइव्हवर ती एकच. घर कुठल्या डिस्कवर बांधतेस ते पाहूनच पाऊल टाक.

उरलेल्यांना पाठभेद म्हण, कचरा म्हणू नकोस

आता मुख्य प्रश्न. घरात नसलेलं आलं. नाव जुळलं म्हणून जे वगळलं, त्याचं काय?

त्यासाठी 'आरसिंक'ला पहिल्यापासूनच 'रिमूव्ह-सोर्स-फाइल्स' असा आणखी एक पर्याय दे. जी फाइल घरी सुखरूप पोचली, ती आवकमधून निघते. जी वगळली, ती आवकमध्येच राहते. (मूळ डिस्क कपाटात आहेत, म्हणून हे करायची हिंमत.) तिन्ही कप्पे झाले की आवकमध्ये उरतात त्या फक्त वादाच्या फाइली. आता 'डिफ'ला 'डॅश आरक्यूएस' देऊन आवकमधला एकेक कप्पा घराशी ताडून बघ. ज्यांच्यापुढे 'आयडेंटिकल' येईल, त्या आतून बाहेरून तंतोतंत तशाच, त्या आवकमधून काढल्या तरी चालतील. 'डिफर' येईल त्या जपायच्या. घरात 'पाठभेद' नावाचं फोल्डर कर, त्यात अण्णा, ताई, मामा असे कप्पे कर आणि त्या जिथून आल्या तिथल्या कप्प्यात, आतल्या वाटेसकट ठेव.

पाठभेद हा शब्द मी मुद्दाम घेतलाय. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ला काम सुरू झालं, १९६६ला पुरं झालं. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५पासून त्याचे प्रमुख संपादक होते. देशभरातून जमवलेली १,२५९ हस्तलिखितं त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या पंडितांनी ताडली. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्या. एकच श्लोक, पण काश्मिरात एक शब्द आणि केरळात दुसरा. त्यांनी वर एक पाठ निवडून छापला आणि बाकीचे सगळे पाठ त्याच पानावर खाली दिले. मोठे वाढीव भाग परिशिष्टांत नेले. निवड केली, पण जे निवडलं नाही ते फेकलं नाही. त्यामुळे आज कुणाला त्यांची निवड पटली नाही, तर त्याच पानावरून तो वेगळा निर्णय करू शकतो.

आपलं काम त्यापुढे अगदी लहान आहे, पण धर्म तोच.

शेवटची पडताळणी

सगळं झालं की कपाटातल्या मूळ डिस्क पुन्हा काढ, पुन्हा रीड-ओन्ली जोड. एकेका डिस्कवरून घराकडे 'आरसिंक'ची तालीम घे, पण या वेळी 'डॅश आरसीएनआय' एवढंच द्यायचं, 'इग्नोअर-एक्झिस्टिंग' नाही. त्यातला 'सी' प्रत्येक फाइल उघडून आतलं सगळं ताडतो. वेळ लागेल, रात्रभर चालू दे. सकाळी जी यादी मिळेल, ती तुझ्या पाठभेदांच्या यादीशी जुळली पाहिजे. एक ओळ जास्त आली, आणि ते तू बदललेलं नाव नसेल, तर ती फाइल हरवली आहे किंवा अर्धी आहे. जुळली, की रिकामी फोल्डरं 'फाइंड'ने 'टाइप डी, एम्प्टी' सांगून साफ कर. हे झाडणं शेवटीच करायचं, मध्ये नाही.

आणि मूळ डिस्क लगेच कोऱ्या करू नकोस. पुढच्या वर्षी तुकोबांची पालखी देहूतून निघेल तोवर राहू देत कपाटात. तेवढ्या काळात घरातली सगळी माणसं आपापले फोटो शोधून झालेली असतील.

त्यानंतर एका संध्याकाळी 'पाठभेद' उघड आणि आईला शेजारी बसव. दोन ०४१२ समोर ठेव. तिला एका नजरेत कळेल, गडावरचा कुठला, बारशाचा कुठला, आणि मागे पाठमोरे उभे असलेले ते कोण. ती सांगेल तसं नाव दे: साल, जागा, माणसं. यंत्राने ते तुझ्यासाठी तिथवर सांभाळून आणलेलं असेल. नाव द्यायचं काम ज्यांना आठवतं त्यांचं आहे, आणि ती माणसं आहेत तोवरच ते करून घे.